एक जूनचे एक्केचाळीस

मेहरूण, जळगाव
१ जून, रविवार, दुपार

प्रिय नासीर,

मागच्या मंगळवारी तुला माझं एक पत्र मिळालं. वर 'प्रति, श्री. नासीर करीम पिंजारी, अभिलेखपाल, धुळे शाखा', मधे 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की', आणि खाली 'प्रशासन अधिकारी' या शिक्क्यावर माझी सही. शेहेचाळीस वर्षांच्या ओळखीत मी तुला लिहिलेलं ते पहिलंच पत्र, आणि ती निघाली कारणे दाखवा नोटीस. दवाखान्याने घेतलेली नोंदणीची क्लाउड-सेवा तू तपासून 'योग्य' ठरवलीस, त्या सेवेच्या चुकीने एका बाईचा जीव जाता जाता राहिला, तेव्हा गुरुवारी चौकशी समितीपुढे हजर राहावं आणि तुला कामावरून का काढू नये ते सांगावं, असा त्याचा मजकूर. भाषा माझी. 'अक्षम्य हलगर्जीपणा' हे शब्द आपल्या विश्वस्तांना, प्रेमराजआबांना, इतके आवडले की त्यांनी ते माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतले. लोकांना आवडतील असे शब्द शोधायची माझी खोड तुला माहीत आहे. त्या खोडीने काय काय केलं, ते तुला माहीत नाही. किंवा माहीत आहे आणि तू बोलत नाहीस. म्हणून हे दुसरं पत्र. याला शिक्का नाही.

फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर मी विनोद करीन, तू हसशील, आणि मला वाटेल की झालं, मिटलं. आपल्या दोघांत आजवर सगळं असंच मिटत आलं आहे. कागदावर निदान तुझं हसू ऐकू येत नाही.

आज एक जून. दर वर्षी या तारखेला सकाळी सातला तुझा फोन येतो. 'जुळ्या, मुबारक हो! आखो एक वरीस खोटं व्हयनं!' आज सात वाजले, साडेसात वाजले, मी फोन हातात घेऊन ओट्यावर बसलो होतो. ज्योतीने विचारलं, 'कोणाची वाट बघताय?' मी म्हटलं, दूधवाल्याची. ती म्हणाली, 'दूध तापून खाली उतरलं.' बायकोला तीस वर्षांत माझा एकही विनोद आवडला नाही, पण तिने मला एकदाही खोटं पकडल्याशिवाय सोडलं नाही.

आपल्याला एकाच दिवशी जन्माला घातलं ते सोनगीरच्या उखर्डू गुरुजींनी. माय मला घेऊन शाळेत आली आणि नूरचाची तुला. तुझ्या अंगावर करीमनानांच्या पिंजणाचा कापूस चिकटलेला होता, हे मला अजून आठवतं, की नंतर कोणी सांगितलं म्हणून आठवतंसं वाटतं, कोण जाणे. गुरुजींनी जन्मतारीख विचारली. माय म्हणाली, 'पोळाना दुसरा दिन.' चाची म्हणाली, 'कापूस येचानं चालू व्हतं तवय.' गुरुजींच्या रजिस्टरात पोळ्याला आणि कापसाला रकाना नव्हता. शाळा उघडायच्या आधी सहा वर्षं पुरी झालेली दिसली की त्यांचं भागायचं. 'बठ्ठासले एक जून,' म्हणाले आणि लिहून मोकळे झाले. चौतीस पोरांपैकी एकोणतीस एका दिवशी जन्मली. त्या एक जूनला गावातल्या सुईणीचे काय हाल झाले असतील, यावर मी पुढे एक लेखही लिहिला. तो गाजला. गाजलेल्या लेखात मी स्वतःला घातलं नव्हतं, हे फक्त तुझ्या लक्षात आलं. तू विचारलंस, 'एकोणतीस होते ना रे? तू अठ्ठावीस लिहिलेस.'

कारण जळगावात नोकरीला लागल्यावर मी ती तारीख लपवायला लागलो होतो. इथे लोकांना खरे वाढदिवस होते. कोणी फेब्रुवारीतला, कोणी ऑक्टोबरातला. मेणबत्त्या, केक, फोटो. फॉर्मवर एक जून दिसला की समोरच्याला लगेच कळतं, खेडं. मग मी पोळ्याचा हिशेब मांडून सप्टेंबरमधली एक तारीख काढली आणि हाफिसात तीच सांगत राहिलो. दर सप्टेंबरला स्टाफ मला पुष्पगुच्छ देतो. तू टाळ्या वाजवतोस. तुझी सेवापुस्तिका आणि माझी एकाच कपाटात होत्या, दोन्हींवर तीच तारीख, दोघांची निवृत्तीही एकाच दिवशी, आणि त्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे होती. तू एकदाही कोणाला बोलला नाहीस.

हे पत्र मी तुझ्या जुन्या रेकॉर्ड रूममध्ये बसून लिहितो आहे. रविवार, ओपीडी बंद, कूलर नुसताच खडखडतो. तुझी लोखंडी मांडणी रिकामी आहे. रजिस्टरं आपण फैजपूरच्या गोदामात पाठवली, तू नको म्हणत असताना. 'वरीसभर दोन्ही चालू द्या, आभाळातलं आणि कपाटातलं,' असं तू म्हणाला होतास. भिंतीवर तुझ्या लाल शाईच्या बाटलीचा गोल डाग आहे. ज्याला एखादं औषध चालत नाही त्याच्या केसपेपरवर तू स्वतः लाल शाईने लिहायचास, डॉक्टरांच्या अक्षरावर तुझा विश्वास नव्हता म्हणून. डाग पुसायला सांगितला होता. कोणी पुसला नाही, बरं झालं.

मेघा आठवते ना, पुण्याच्या कंपनीची? नाव मेघा आणि विकायला आणला ढग. मला तेवढं आठवडाभर पुरलं. ती सांगत होती की केसपेपर आता आपल्या कपाटात नको, कंपनीच्या दूरच्या यंत्रांत राहतील, आणि जळगाव, धुळे, फैजपूर, तिन्हीकडे एका बोटावर उघडतील. तू मागून माझ्या कानात म्हणालास, 'म्हंजे आपला बठ्ठा कारभार आभायमा?' पंचेचाळीस दिवस फुकट वापरून बघा, मग ठरवा, असं तिने सांगितलं, आणि सोबत 'योग्यता तपासणी तक्ता' दिला. बासष्ट प्रश्न. प्रत्येकापुढे कंपनीने स्वतःच 'होय' छापून ठेवलेलं. पेपर त्यांचा, उत्तरं त्यांची, गुण त्यांचे. आपण फक्त सही करून पेढे वाटायचे. आबा खूश. मीही खूश. तू तो तक्ता उलटा केलास आणि पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने स्वतःचे प्रश्न लिहायला बसलास.

तुझ्या त्या पंचेचाळीस दिवसांवर मी किती हसलो! भर ओपीडीत, अर्धी नोंद झालेली असताना, तू फैजपूरला जाऊन इंटरनेटची वायर उपटलीस, अर्धी नोंद राहते की जाते ते बघायला. सफाईवाल्या वनाभाऊंच्या नावाने आत शिरून डॉक्टरांची पानं उघडतात का ते पाहिलंस. उघडली; कंपनीने ते दुरुस्त केलं. मग तू त्यांना कळवलंस की समजा उद्या आम्हाला तुम्हाला सोडायचं आहे, आमच्या नोंदी आम्हाला परत द्या. सतराव्या दिवशी त्या आल्या, आणि मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मी म्हटलं, लग्नाआधीच काडीमोड मागतोस होय? तू म्हणालास, 'सोयरीक करताना पोरगी परत यायची वाट मोकळी आहे का, हे बापाने बघितलं पाहिजे.' तुझ्या मनात कंपनीबद्दल राग नव्हता. मेघाला तू चहा पाजायचास. म्हणायचास, पोरगी गुणाची आहे, फक्त तिला आपला मुलूख माहीत नाही.

आणि मग तू आपला मुलूख तिच्या यंत्रात घातलास. जुन्या केसपेपरांतून साठी ओलांडलेले दोनशे रुग्ण घेतलेस, आजार बदललेस, पण नावं आणि जन्मतारखा खऱ्या ठेवल्यास. दुसऱ्या दिवशी पडद्यावर हिरव्या चौकटीत आलं : 'अभिनंदन! ४१ दुहेरी नोंदी आढळल्या व एकत्र करण्यात आल्या.' नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की ते यंत्र न विचारता दोन माणसांचं एक माणूस करत होतं. पुण्यात, मुंबईत ते बरोबरही असेल. पण आपल्याकडे सुकदेव पाटील किती, आणि त्यातले एक जूनचे किती! ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं त्यांना गुरुजींनी एक जून दिला, ज्यांनी नाही पाहिलं त्यांना आधारवाल्याने एक जानेवारी. खानदेशातल्या अख्ख्या पिढीला मिळून दोनच वाढदिवस. हे एक्केचाळीस मात्र सगळे एक जूनचे निघाले.

त्यानंतरच्या आबांच्या सभेबद्दल मी कधी काही लिहिलं नाही. आबा म्हणाले, 'बघा, इतकी वर्षं आपण एक्केचाळीस खोटे पेशंट सांभाळत होतो!' सगळ्यांनी माना डोलावल्या. तू उठलास. म्हणालास, 'आबा, त्या दुहेरी नोंदी नाहीत. ती एक्केचाळीस माणसं आहेत.' आबांनी विचारलं, 'सगळी एकाच दिवशी जन्मलेली?' तू 'हो' म्हणालास आणि माझ्याकडे बघितलंस. नासीर, तुला फार काही नको होतं. मी नुसतं म्हणायचं होतं की हो आबा, मीसुद्धा. एवढे तीन शब्द. खोलीत एकाला तरी खरं वाटलं असतं, कारण मी खोटं बोलत नाही अशी माझी कीर्ती आहे. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. 'नासीरभाईंच्या गावात त्या दिवशी सुट्टी असेल.' नासीरभाईंच्या गावात! सगळे हसले. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. तू खाली बसलास, पेन्सिलीचं टोक तपासल्यासारखं केलंस, आणि तूही हसलास.

तिथे थांबलो असतो तरी मी तुला आज तोंड दाखवू शकलो असतो. पण हशा मिळाला की मला आणखी हवा असतो. स्नेहसंमेलनात मी 'जूनमिया' हा लेख वाचला. छत्री घ्यायच्या आधी एक्केचाळीस पावसांत भिजून बघणारा जूनमिया, निकाहाआधी नवरीची वायर उपटून बघणारा जूनमिया. तू पहिल्या रांगेत होतास, शेजारी नौशीनभाभी. तू हसत होतास. भाभी हसत नव्हत्या. त्या माझ्या हातातल्या कागदांकडे बघत होत्या, अजून किती पानं उरलीत ते मोजत असल्यासारख्या. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात तू 'जूनमिया' झालास. 'जूनमिया, केसपेपर आणा.' सोनगीरमध्ये तुझ्या वडिलांना कोणी कधी मिया म्हटलं नाही. ते सगळ्या गावाचे करीमनाना होते, मला ते आपल्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगात उडी मारू द्यायचे. आणि मी, त्यांच्या ढिगात खेळलेला, तुझी जात, तुझा धर्म, तुझं काम, तुझं गाव, सगळं एका शब्दात कोंबून लोकांना टाळीला दिलं. परक्याने ते केलं असतं तर तू भांडला असतास. मी केलं म्हणून तू बदली मागितलीस. अर्जावर कारण लिहिलंस, 'आईची तब्येत.' चाची तेव्हा ठणठणीत होत्या, मला मटणाचे डबे पाठवत होत्या.

मग या एप्रिलमध्ये प्रमिलाबाई. पायाची जखम चिघळली म्हणून फैजपूर शाखेत आल्या. रूपा सिस्टरने पडदा बघितला : ॲलर्जी नाही. पद्धतीप्रमाणे तोंडीही विचारलं, कोणतं इंजेक्शन चालत नाही का? बाई म्हणाल्या, 'माले काय ठाऊक माय, तुमनाकडे लिखेल शे ना.' बरोबरच. तुझ्याकडे लिहिलेलं होतं, लाल शाईने, बारा वर्षांपूर्वी. पण पडद्यावर त्यांच्यात धुळ्याकडच्या दुसऱ्या प्रमिलाबाई सुकदेव पाटील मिसळल्या होत्या, त्याच एक जूनच्या, ज्यांना सगळं चालतं. इंजेक्शन देऊन नोंद करायला गेल्यावर सिस्टरला त्या पडद्यावर धुळ्यात झालेलं डोळ्याचं ऑपरेशन दिसलं, बाईंचे तर दोन्ही डोळे चांगले, म्हणून तिने तुला फोन लावला. तू नाव ऐकताच ओरडलास, 'फैजपूरवाली? तिला ते इंजेक्शन देऊ नका!' तोवर दिलं गेलं होतं. अंगभर गांधी उठल्या, घशाला सूज, श्वास बंद. पण तुझ्या ओरडण्यामुळे डॉक्टरांना कशाशी लढायचं ते त्याच क्षणी कळलं. नऊ दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. ज्या माणसाने त्यांना वाचवलं त्यालाच आता समिती विचारते आहे, 'इतकं माहीत होतं, तर योग्य म्हणून सही का केलीत?' प्रश्न मीच तयार केला आहे. यादीत तो चौथा आहे.

पंधरा दिवसांपूर्वी मी प्रमिलाबाईंकडे जबाब घ्यायला गेलो होतो. केळीच्या बागेला लागून घर, मुलगा किरण दारात उभा, माझ्याकडे बघेना. बरोबर आहे. चाळीस वर्षं केळीच्या मुलखात नांदूनही बाईंची बोली अजून आपलीच आहे, माहेर शिंदखेड्याकडचं. पायरी चढताना आता मधे थांबतात. मला पाणी दिलं. मी छापील फॉर्म काढला, नाव लिहिलं, आणि जन्मतारखेच्या रकान्यापाशी पेन थांबलं. त्यांना वाटलं मी विसरलो. समजुतीने म्हणाल्या, 'एक जून लिखी टाक भाऊ. बठ्ठा तेच लिखतस.' नासीर, मला तो रकाना भरता आला नाही. मी विचारलं, खरा जन्म कधीचा? म्हणाल्या, 'मना? आखाजीना दिन. पण कोन इचारस रे भाऊ.' अक्षय्य तृतीयेची बाई. मी हातातला फॉर्म घडी करून खिशात घातला. तो रकाना अजून कोरा आहे.

आता ते सांगतो, ज्याच्याभोवती मी इतकी पानं घिरट्या घालतो आहे. तुझा अहवाल चार पानांचा होता. पहिल्या दोन पानांवर चाचण्या, तिसऱ्यावर निष्कर्ष, चौथ्यावर 'वरील तपासणी मी स्वतः केली आहे' आणि तुझी सही. तिसऱ्या पानावर तू लिहिलं होतंस, 'ही सेवा चांगली आहे, पण आपल्या माणसांना ओळखत नाही. नोंदी एकत्र करण्याचा भाग बंद होईपर्यंत घेऊ नये.' आबा म्हणाले, पाडव्याला उद्घाटन आहे, अहवाल योग्य आला पाहिजे, तुझ्या मित्राला समजाव. मी तुझ्याकडे आलो नाही. आलो असतो तर तू माझ्याकडे त्या सभेत बघितलंस तसं बघितलं असतंस. मी त्या संध्याकाळी फाइल घरी नेली आणि तिसरं पान नवीन टाइप केलं. 'किरकोळ बाबी वगळता, सेवा संस्थेच्या गरजांस योग्य.' मला कोणी बढती देणार नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. आबांनी कपाळाला आठी घालू नये, एवढीच माझी किंमत निघाली. नोटिशीसोबत अहवालाची प्रत जोडावी लागते म्हणून मीच ती जोडली, आणि तू ते पान पहिल्यांदा मंगळवारी वाचलंस. 'वगळता'च्या पुढचा तो स्वल्पविराम कोणाचा, हे तुला कळलं नसेल असं मी समजू शकत नाही. सातवीपर्यंत माझे निबंध तूच बघून लिहायचास.

तिसरीत मी फळ्यावर गुरुजींवर चार ओळींची टवाळी लिहिली होती. गुरुजींनी छडी घेऊन विचारलं, कोणाचं अक्षर? मी खाली बघत होतो. तू उठलास, 'अक्षर मनं शे, गुरुजी.' हातावर वळ घेऊन आलास आणि मला म्हणालास, 'पन दुसरी ओळ भारी व्हती.' मला त्या दिवशी दुसऱ्या ओळीचा आनंद झाला होता. वळ मी बघितले नाहीत. काल तुझं नोटिशीला उत्तर आलं. आवक रजिस्टरात मीच नोंदवलं. एकच ओळ : 'अहवालाच्या शेवटच्या पानावरील सही माझी आहे.' शब्द न् शब्द खरा, एक कमी नाही, एक जास्त नाही. तिसऱ्या पानाबद्दल अवाक्षर नाही. आबा म्हणाले, 'चला, कबूल केलं, सुटलो.' आणि मी खाली बघत होतो. हे पत्र लिहायचं कारण ती ओळ आहे. आधी वाटलं, तुझं मूळ तिसरं पान तुला पाठवून द्यावं आणि काय करायचं ते तुझ्यावर सोडावं. ते पान मी फाडलं नव्हतं, पश्चात्तापाने नव्हे. कधीतरी लिहायला उपयोगी पडेल म्हणून लेखक काही फाडत नसतो. पण तुझ्यावर सोडणं म्हणजे तू पुन्हा उठून उभा राहशील याची सोय करणं होतं. म्हणून आज सकाळी अकराला मी समितीच्या अध्यक्षांच्या घरी जाऊन मूळ पान आणि काय केलं त्याचा माझ्या हातचा कबुलीजबाब देऊन आलो. त्यांच्या सहीची पोच आणि त्या पानाची झेरॉक्स सोबत टाचली आहे. नीट जपून ठेव, कपाटात, ढगात नको. जबाबावर मी नाव, हुद्दा आणि जन्मतारीख लिहिली, एक जून, पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने. माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि तेच तर नको आहे. एकच मागणं आहे. गुरुवारी अध्यक्ष मला विचारतील, हे अक्षर कोणाचं. तेव्हा तू बसून राहा.

तुझाच, निदान रजिस्टरात तरी,
नवल लोटन बोरसे